शाही, परिवार आणि एक ऑटो

सुरुवातीलाच माफी मागतो. लिहावं एवढं माझं वय नाही आणि अनुभव सात महिन्यांचाच आहे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नाही, त्यामुळे लिहिलेलं बरोबर की चूक हे घरी दाखवून घेण्याचीही सोय नाही. पण लोक अजून मला रस्त्यात थांबवून विचारतात की त्या दुकानातलं कोणतं कार्ड घ्यावं. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकावं असं वाटलं. चुकलं असेल तर सांभाळून घ्या.

बोरकर सरांनी माझा तक्ता काउंटरवरून ओढून काढला, तेव्हा त्याला लावलेला सेलोटेप नीट चिकटलाही नव्हता.

बोरकर सर म्हणजे वाशीममधल्या एका मोठ्या स्टोअरचे मॅनेजर. किराणा, कपडे, भांडी, सगळं एका छताखाली. मी तिथे दुपारी दोन ते रात्री आठ कार्ड काउंटरवर उभा राहायचो. सकाळी बी.कॉम.चे तास, दुपारी कार्ड. अंगात स्टोअरचा पिवळा टी-शर्ट. त्याच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत ‘मला विचारा’ असं छापलेलं होतं. पाठीवर असल्यामुळे लोक मागून विचारायचे.

मी किन्हीराजा गावचा. या नोकरीच्या पगारात वाशीमला तिघांत मिळून एक खोली घेता आली होती. नोकरी गेली की खोली जाणार, खोली गेली की मालेगावला गाडी बदलत रोज जाणं-येणं, आणि अकाउंटन्सीचा सकाळचा पहिला तास कायमचा हुकणार. म्हणजे माझं सगळं त्या चार फुटांच्या काउंटरवर उभं होतं.

“हे काय लावलंस?” सरांनी विचारलं.

“तुलना, सर. तिन्ही कार्डांची. लोक सारखं विचारतात की जास्त सूट कशावर आहे.”

“मग?”

“मग मी उदाहरण घेऊन मांडून दाखवलं.”

सरांनी तक्ता पूर्ण वाचला. त्यांचा चेहरा खाली खाली येत गेला. “गजू, तुले कॉमर्स कोन शिकवते रे? त्यायले जाऊन सांग, पोरगं बिघडलं. अरे, गिऱ्हाइकाले ऑफर दाखवाची असते. हिशेब कायले दाखवतो?”

आता ती तीन कार्डं काय होती ते सांगतो.

पहिलं ‘मित्र कार्ड’. फुकट. खरं तर कार्ड नसतंच, फक्त मोबाईल नंबर. शंभराच्या खरेदीवर एक पॉइंट आणि चार पॉइंटांचा एक रुपया. महिन्याला अडीच हजारांची खरेदी केली तर वर्षभरात पंचाहत्तर रुपये सुटतात. म्हणजे मैत्री आहे, पण बेताची.

दुसरं ‘परिवार कार्ड’. वर्षाची फी चारशे नव्याण्णव. प्रत्येक बिलावर तिथल्या तिथे तीन टक्के कमी. महिन्याला चौदाशेच्या वर खरेदी असेल तरच फी वसूल होते. हजाराची खरेदी करणारा वर्षाला तीनशे साठ वाचवतो आणि त्यासाठी चारशे नव्याण्णव भरतो. आणि आमच्याकडे आठवडी बाजार सोडून दर महिन्याला चौदाशेचा माल अशा स्टोअरमधून नेणारी घरं थोडी.

तिसरं ‘शाही कार्ड’. हे बँकेसोबतचं क्रेडिट कार्ड. पाच टक्के सूट. पहिलं वर्ष फुकट, दुसऱ्या वर्षापासून फी आणि टॅक्स मिळून जवळपास बाराशे. अडीच हजार खरेदीवाल्याला मग वर्षाकाठी तीनशे रुपये उरतात, पण एकदा जरी भरायची तारीख चुकली तर दंड पाचशे. रंग सोनेरी.

स्टोअरला शाही विकायचं होतं, कारण बँक प्रत्येक कार्डामागे त्यांना काहीतरी देत होती. माझं टार्गेट महिन्याला तीस. टार्गेट झालं नाही तर काउंटर बंद, असं पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. पहिल्या महिन्यात माझी तीन झाली. एक वॉचमनचं, एक बोरकर सरांच्या साळ्याचं आणि एक माझं स्वतःचं. ‘आपण वापरत नाही ते दुसऱ्याला कसं विकणार,’ असं म्हणून सरांनीच माझा फॉर्म भरून घेतला होता. वॉचमनचं आणि साळ्याचं कार्ड आठवड्यात आलं. माझा अर्ज ‘प्रोसेसमध्ये’ होता. त्यानंतर दर महिन्याला मला शेवटची संधी मिळत गेली.

तक्ता मी फेकला नाही. रजिस्टरच्या खाली ठेवला आणि जो विचारेल त्यालाच दाखवायचा असं ठरवलं. पहिल्यांदा विचारलं सुमनकाकूंनी.

सुमनकाकूंचा मळा शहराला लागून आहे. मेथी, पालक, सांबार लावतात. सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. पहाटे भाजी विकायची आणि दुपारी परत जाताना घरचं सामान न्यायचं, असा त्यांचा क्रम. त्यांनी मागून माझ्या पाठीवर बोट टेकवलं.

“हे ‘मला विचारा’ तूच का?”

“हो, काकू.”

“मंग सांग. ते सोनेरी कारड घेऊ का?”

इथे मी काय बोलायला हवं होतं ते ट्रेनिंगमध्ये पाठ करून घेतलं होतं. ‘मॅडम, हे कार्ड खास तुमच्यासाठीच आहे.’ वाक्य तोंडापर्यंत आलं. काकूंच्या हाताला मेथीचा हिरवा रंग लागलेला होता. मी तक्ता काढला.

त्यांना वाचायला वेळ लागला, पण आकडे माझ्याआधी कळले. “माह्या घरचं हजाराचं सामान. म्हंजे हे परिवारवालं घेतलं तं मले उलटं खिशातून जाते.”

“हो.”

“आन सोनेरीत बँक घरात येते.”

“तसंच म्हणता येईल.”

“आन फुकटवालं नुसतं बोलाचं.” त्यांनी तक्ता उलटा करून पाहिला, मागे काही लिहिलंय का म्हणून. “मंग तू इथं कायले उभा हाय रे बापू?”

याचं उत्तर ट्रेनिंगमध्ये नव्हतं.

काकू जाता जाता थांबल्या. “कारडावर किती लोकायनं सामान घेतलं तं चालते?”

मी फॉर्म वाचला. ‘परिवारातील सर्व सदस्य’ एवढंच होतं. बोरकर सरांना जाऊन विचारलं की परिवार म्हणजे किती जण.

“फॉर्मवर आकडा हाय का?”

“नाही, सर.”

“मंग कायले विचारून राह्यला? तू शाही इक.”

मी परत येऊन काकूंना तेच सांगितलं की आकडा दिलेला नाही. त्यांनी चारशे नव्याण्णवला आठाने भागलं. तोंडी. “बासष्ट-त्रेसष्ट पडते घरामागं. टाक माह्या नावानं.”

आठ का, ते मला नंतर समजलं. त्या भागातल्या आठ घरांची भाजी रोज पहाटे एकाच ऑटोत येते. भाडं सगळ्यांत वाटून घेतात, ज्याचे गठ्ठे जास्त त्याचा वाटा जास्त. वजनकाटे आठ जणींत दोन. पावसात झाकायची ताडपत्रीही एकच. त्यांच्या दृष्टीने कार्ड ही ताडपत्रीसारखीच वस्तू होती. प्रत्येकीने वेगळी घेणं म्हणजे वेडेपणा. बिल करताना बाकीच्या सातही जणी सुमनकाकूंचाच मोबाईल नंबर सांगायच्या, आणि तो त्यांना स्वतःच्या नंबरपेक्षा चांगला पाठ होता.

दोन महिन्यांत पुसदकडच्या रस्त्यावरचा वांग्यांचा ऑटो आला. मग हिंगोली रस्त्यावरचा. प्रत्येक ऑटोचं एक परिवार कार्ड. मी कोणाला शिकवलं नाही. फक्त कोणी विचारलं तर फॉर्मवर आकडा नाही एवढं सांगायचो. माझी अकरा परिवार कार्डं झाली. शाही तीनच.

दिवाळीचा महिना आला आणि पुण्याच्या हेड ऑफिसच्या कॉम्प्युटरला सुमनकाकू दिसल्या. एका परिवाराने एका महिन्यात अकरा किलो चहापत्ती, तेलाचे पंधरा किलोवाले नऊ डबे आणि उटण्याची सव्वीस पाकिटं नेली होती. कॉम्प्युटरने विचार केला आणि त्यांना विदर्भातली ‘स्टार फॅमिली’ ठरवलं.

सर धावत काउंटरवर आले. “गजू, झोनल मॅडम येऊन राह्यल्या. सत्कार हाय. ह्या बाईले ओळखतो तू?”

“हो, सर. पण तो एक परिवार नाही.”

“मंग?”

“आठ आहेत.”

सरांनी आजूबाजूला पाहिलं. “हे तू मले सांगतलं नाई,” ते हळूच म्हणाले. “आन मी ऐकलं नाई.”

मॅडम आल्या. सोबत फोटोग्राफर, शाल, नारळ आणि एक मोठा कागदी चेक ज्यावर दोन हजारांचं व्हाउचर लिहिलं होतं. सुमनकाकू बाकीच्या सातही जणींना घेऊन आल्या, कारण ऑटो एकच होता.

“काकू, किती जण आहात हो घरात?” मॅडमनी कौतुकाने विचारलं.

काकूंनी मागे वळून एकेकीकडे पाहत मोजलं. “बेचाळीस.”

“बेचाळीस! बघा बोरकर, आजच्या काळात एवढं एकत्र कुटुंब. आणि स्वयंपाक?”

“आपापल्या घरी,” काकू म्हणाल्या.

मॅडमचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळे थांबले. “म्हणजे तुम्ही एकत्र राहत नाही?”

“नाई. ऑटो एक हाय.”

मागून एक जण म्हणाली, “आन काटे दोन.” सगळ्या जणी हसल्या.

बोरकर सर छताकडे पाहत होते. फोटोग्राफरने विचारलं, “मॅडम, काढू?” मॅडमनी एकदा चेककडे पाहिलं. मग शाल उचलली आणि म्हणाल्या, “काढा. छान दिसतंय.” हेड ऑफिसला फोटो येणार असं कळवलेलं होतं, म्हणून फोटो झाला.

सत्कारानंतर त्या काउंटरवर आल्या. “शाही किती?”

“तीन, मॅडम.”

“परिवार?”

“अकरा.”

“या अकरांमागे घरं किती?”

मला दोन उत्तरं सुचली होती. एक खरं होतं. “सत्तरच्या आसपास असतील.”

त्यांनी डायरीत लिहिलं. “फॉर्म वाचून दाखवलास की तुझ्या मनाचं सांगितलंस?”

“वाचूनच दाखवला. त्यात आकडा नाही.”

“हुशार आहेस,” त्या म्हणाल्या, आणि ते मला कौतुकासारखं ऐकू आलं नाही. “तुझ्या काउंटरचं काय करायचं ते कळवू.”

कळवू म्हणजे कधी, हे मी विचारलं नाही. बोरकर सरांना विचारलं तर म्हणाले, “वरून निरोप येईन.” पंधरा दिवस गेले, महिना गेला. मी टी-शर्ट घालून रोज उभा राहत होतो. खोलीवरचे दोघे विचारायचे की पुढच्या महिन्याचं भाडं धरायचं का, आणि मी म्हणायचो की धरा.

दरम्यान हेड ऑफिसने नियम बदलला. आता परिवार कार्ड वापरताना मोबाईलवर येणारा ओटीपी सांगावा लागे. त्यांना वाटलं, आता ऑटो अडतील. झालं असं की बाकीच्या सात जणी बिलाच्या रांगेतून सुमनकाकूंना फोन लावायला लागल्या, आणि काकू बाजारात मेथी विकता विकता ओटीपी वाचून दाखवायला लागल्या. एकदा म्हणे घाईत त्यांनी एका गिऱ्हाइकाला भाव म्हणून ओटीपीचेच चार आकडे सांगितले. रांगेत उभ्या बाईला फोनवर सांगून काकू परत गिऱ्हाइकाकडे वळल्या, तोवर ते निघून गेलं होतं. नियमाने झालेलं नुकसान मला माहीत आहे ते एवढंच.

स्टोअरच्या दारात काकूंचं मोठं पोस्टर लागलं. ‘एकत्र परिवार, एकत्र बचत.’ मागे सातही जणी. खाली बारीक अक्षरांत नवी ओळ होती की परिवार म्हणजे एका छताखाली राहणारे जास्तीत जास्त सहा. काकूंनी ती माझ्याकडून वाचून घेतली.

“मंग हा फोटो कायचा?” त्यांनी विचारलं.

“जाहिरातीचा, काकू.”

“बरा आला,” त्या म्हणाल्या आणि रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.

म्हणून, ज्यांना कार्डाबद्दल विचारायचं असतं त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. आधी महिन्याला किती सामान नेता ते बघा. मग फी. रंग शेवटी. आणि काउंटरवरच्या माणसाने खरं सांगितलं, तर त्याला विचारून घ्या की त्याचं स्वतःचं काय झालं.

माझं असं झालं. जानेवारीतल्या एका संध्याकाळी, साडेसहाच्या गर्दीत, कोणीतरी मागून माझ्या पाठीवरची अक्षरं वाचत होतं आणि माझ्या मोबाईलवर मेसेज आला. मला वाटलं हेड ऑफिसचा. तो बँकेचा होता. सात महिने प्रोसेसमध्ये असलेल्या माझ्या शाही कार्डाबद्दल.

‘आपला अर्ज नामंजूर करण्यात येत आहे. चौकशी केली असता, आपण नमूद केलेल्या स्टोअरमध्ये या महिन्यापासून कार्यरत नसल्याचे समजले.’