तांदळात लिहिलेलं नाव

आमच्या छत्रीबाग मोहल्ल्यातल्या इंदुमतीबाईंना सरकारने मागच्या वर्षी शेतकरी मानायचं बंद केलं. अकरा वर्षं त्या आठवड्यातून तीनदा सांवेरच्या बसने शेतावर जातात, पावसाळ्यात सोयाबीन आणि हिवाळ्यात गहू घेतात. पण तो काही पुरावा नव्हे. पुरावा कागदाचा लागतो.

वडिलांनी दोन शेतं घेतली होती, एक मुलगा श्रीहरीच्या नावावर, एक मुलगी शालिनीच्या. ही शालिनी म्हणजेच आमच्या इंदुमतीबाई. लग्नात नवऱ्याने, पंढरीनाथरावांनी, तबकातल्या तांदळात अंगठीने 'इंदुमती' लिहिलं, पाहुण्यांनी पेढे खाल्ले आणि शालिनी संपली. तिला विचारायचा प्रश्नच नव्हता. तिने फक्त लाजायचं होतं, ती लाजली. जमिनीच्या सरकारी नोंदीत, म्हणजे खसऱ्यात, मात्र शालिनीच राहिली आणि आधार कार्डावर इंदुमती आली. नव्या पडताळणीत कंप्यूटरला या दोन वेगळ्या बायका दिसल्या आणि त्याने शेतकऱ्यांना मिळणारी सरकारी मदतीची किस्त थांबवली.

मी तीस वर्षं सरकारी बाबू होतो, म्हणून त्या अर्ज लिहायला माझ्याकडे आल्या. "किस्त गेली तर गेली हो," म्हणाल्या, "पण उद्या शालिनी नावाची कोणी नाहीच असं ठरलं, तर शेत कोणाचं?"

कचेरीतला बाबू भला माणूस निघाला. त्याने विचारलं, "सरनेम बदलता है, वो तो ठीक है मांजी. आप मराठी लोगों में औरत पूरी ही बदल जाती है क्या?"

"पूरी," बाई म्हणाल्या.

लग्नाचा फोटो दाखवला. त्यात तबक दिसत होतं, तांदूळ दिसत होते, अक्षर एकही नाही. मग शेजारच्या शेतातले दोघे साक्षीला नेले. त्यांनी छातीठोकपणे सांगितलं, "ये तो बस वाली बई है." म्हणजे आता तीन बायका झाल्या.

शेवटी बाबू म्हणाला, भावाचं शपथपत्र आणा. श्रीहरी शहरातच, बड़ा गणपती भागात राहतो. त्याचं शेत दुसराच कोणी कसतो आणि सोयाबीनशी याची ओळख तेलाच्या पुड्यापुरती. पण जन्मल्यापासून नाव तेच, त्यामुळे तो सरकारदरबारी अस्सल शेतकरी, किस्त बिनबोभाट येते. त्याने बहिणीला चहा पाजला आणि दोन कागद पुढे केले.

"ताई, शपथपत्रावर मी सही करतोच ना. पण तू भी इधर एक साइन कर दे. जमीन माझ्या नावावर आली की झंझटच खत्म."

दुसरा कागद हक्कसोडपत्राचा होता. भावाची माया काय वर्णावी! बाईंनी चहा अर्धा टाकला, बस पकडली आणि थेट माझ्या ओट्यावर आल्या.

"अर्ज लिहा. मला परत शालिनी व्हायचंय."

गल्लीत एकच गहजब उडाला. नवऱ्याने दिलेलं नाव टाकते म्हणजे काय! सोयाबीनची शेंग आयुष्यात न सोललेल्या बायकाही तावातावाने समजवायला आल्या. बाई एवढंच म्हणाल्या, "नाव नवऱ्याने दिलं, शेत वडिलांनी. नाव पेरून काही उगवत नाही."

जाहिरात, राजपत्र, फोटो, अंगठे यांत सात महिने गेले. त्या दुपारी मी त्यांच्याच दारात बसलो होतो आणि बाई आत गहू निवडत होत्या. पोस्टमन नव्या आधार कार्डाचा लिफाफा घेऊन आला आणि ओरडला, "शालिनी कौन है?"

आतून बाईंचा आवाज आला, "यहां कोई शालिनी नहीं रहती!"

पोस्टमन वळला. मी उठेपर्यंत आत सूप पडल्याचा आवाज झाला आणि सत्तरीच्या बाई अनवाणी माझ्यासमोरून धावत गेल्या. "अरे भिया, रुको! मैं हूं! मैं ही तो हूं!"

लिफाफा छातीशी धरून त्या भर गल्लीत हुंदके देऊन रडल्या. आणि मी, तीस वर्षं लोकांना 'उद्या या' म्हणणारा, मान वर करून त्यांच्याकडे बघूही शकलो नाही.