हरलेल्यानं बांधायचा फेटा

आमच्या मंडळाच्या वर्धापनदिनाला बुद्धिबळाची स्पर्धा असते आणि बक्षीस द्यायला कुणीतरी पाहुणा असतो. बुद्धिबळ संयम शिकवतं, हार पचवायला शिकवतं, आयुष्यसुद्धा एक पटच आहे, असं तो पाहुणा दरवर्षी सांगतो. अशा वेळी उठून त्याच्या हातातला माईक काढून घ्यावा असं मला वाटतं. आमच्या घरात रोज पट मांडलेला असायचा आणि तिथं मी एवढंच शिकलो की समोरच्याचं दुखणं कुठं आहे ते हेरायचं आणि नेमकं तिथंच दाबायचं.

हे शिकवणारे माझे वडील, आबा. शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत त्यांनी मोल्डर म्हणून आयुष्य काढलं. काळ्या वाळूचा साचा करताना त्यांचा हात केसभर हलायचा नाही, आणि त्या हाताची त्यांना भारी घमेंड होती. शाहूपुरीतलं आमचं मंडळ म्हणजे पूर्वीची तालीम. कुस्ती केव्हाच बंद पडली, बुद्धिबळ राहिलं, पण रीत सगळी आखाड्यातलीच. फायनलला हलगी वाजते, आणि जो दरवर्षी जिंकतो त्याला वस्ताद म्हणतात. मला कळायला लागल्यापासून वस्ताद आबाच होते.

मंडळात त्यांनी आपले दोन नियम बसवले होते. सोंगटीला हात लागला की तीच खेळायची, मग तो चुकून लागो, शर्टाची बाही लागो, काहीही असो. बाहेरच्या स्पर्धांत चुकून लागलेला हात धरत नाहीत, असं कुणी म्हटलं तर आबा म्हणायचे, "मग जा की भाईर. हितं कशाला आलाईस?" आणि दुसरा नियम फेट्याचा. जिंकलेल्याला फेटा पाहुणे बांधत नाहीत, हरलेला बांधतो. चारचौघांत, स्वतःच्या हातानं, बरोबर बसेपर्यंत. लोकांना हे फार आवडायचं. हरणारा डोक्याशी झटापट करायचा, आबा खुर्चीत रेलून बसायचे आणि फेटा जरा कलला की म्हणायचे, "परत."

माझी थोरली बहीण शाळेत असताना या पटावर बसली. पोरींनी तिथं खेळायची पद्धत नव्हती, पण तिनं एकेकाला लोळवत फायनल गाठली आणि समोर आबा आले. ताई जिंकत होती. मी शेजारीच उभा होतो आणि मलासुद्धा ते दिसत होतं. तेवढ्यात तिची वेणी पुढं आली, ती मागं टाकताना तिची करंगळी घोड्याला लागली. आबा म्हणाले, "घोडा खेळ." ती म्हणाली, "आबा, केस सारत होते मी." आबा म्हणाले, "हितं आबा कोण न्हाय." घोडा हलला आणि ती हरली. मग तिनं फेटा बांधायला घेतला. तिला कुणी शिकवलं होतं फेटा बांधायला? कापड घसरून आबांच्या डोळ्यांवर आलं, लोक खो खो हसले, आणि आबा कापडाच्या आतूनच म्हणाले, "परत." नाक ओढत, हुंदके देत ती बांधत राहिली. त्यानंतर तिनं मंडळाची पायरी चढली नाही. पुढं मलकापूरला लग्न झालं, तिथल्याच शाळेत ती शिकवायला लागली.

दोन वर्षांमागं आबांचा उजवा हात कापायला लागला. डॉक्टरांकडं त्यांना ताईच घेऊन गेली. कंपवात आहे, वाढत जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं. हे आबांना, ताईला आणि मला माहीत. बाहेर कुणाला कळू द्यायचं नाही अशी आबांनी तंबी दिली. चहाच्या गाड्यावर ते चहा प्यायचे बंद झाले. कट्ट्यावर बसले की उजवा हात मांडीखाली दाबून बसायचे. हात दिसला की वस्तादकी संपली, हे त्यांनी मनाशी धरलं होतं, आणि खरं सांगायचं तर ते चूक नव्हतं. ज्याला त्याला टोचून बोलण्यात त्यांचा जन्म गेला होता. लोक वाटच बघत होते.

यंदा खेळू नका म्हणून मी त्यांच्या विनवण्या केल्या. "न्हाय खेळलो तर इचारत्याल की, का न्हाय म्हणून," ते म्हणाले. आणि यंदाच ताईनं नाव दिलं. मी फोन करून तिला झापलं. ती शांतपणे म्हणाली, "त्यांना सांग, मी येतेय."

फायनलला दोघं समोरासमोर बसली. आबा सोंगटी उचलण्यापुरता हात बाहेर काढायचे, झटक्यात खेळायचे आणि परत मांडीखाली घालायचे. लोकांना तो रुबाब वाटत होता. खेळ मात्र आबांचाच होता. ताईच्या हत्तीची वाट त्यांच्या उंटानं अडवून धरली होती, आणि शेजारचा घोडा उचलून शह दिला की पुढच्या खेळीत ताईची मात होती. आबांनी हात घोड्याकडं नेला. बोटं थरथरली आणि उंटाला लागली. उंट नुसता डुगडुगला, पडलासुद्धा नाही.

ताई म्हणाली, "उंट."

पंच म्हणून बसलेला गृहस्थ पुटपुटला, "वस्ताद, चुकून लागला असंल तर..." आबा त्याच्या अंगावर ओरडले, "गप बस! हात लागलाय." त्यांनी उंट उचलून दुसऱ्या घरात ठेवला, ताईचा हत्ती सरळ आत शिरला आणि मात झाली. हलगी वाजायला लागली. वस्तादांचं ध्यान नव्हतं, असं लोक बोलू लागले. हात अजून झाकलेलाच होता.

आता फेटा राहिला होता. ताई खुर्चीवर बसली. मी पुढं होऊन कापड धरायला गेलो तर आबा म्हणाले, "लांब हो. हारलोय मी, तू न्हाय." मग ते दोन्ही हातांनी बांधायला लागले, आणि फेटा काही मांडीखाली हात घालून बांधता येत नाही. पहिला वेढा बसला, दुसरा सुटला. आबा मुद्दाम गंमत करतायत असं समजून लोक हसले. मग एकेक जण हसायचा थांबला. हलगीवाल्यानंही हलगी खाली ठेवली. कसाबसा फेटा झाला, एका कानावर आलेला. ताईनं एका शब्दात सोडलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. मी मनात तिच्या पाया पडत होतो.

ती म्हणाली, "परत."

मला त्या क्षणी तिच्या कानाखाली जाळ काढावासा वाटला. आबांनी फेटा सोडला आणि परत बांधला. सगळ्या पेठेनं तो हात डोळे भरून पाहिला.

दुसऱ्या दिवसापासून मंडळात लोक आबांशी फार चांगले वागायला लागले. आबांचं बोट कुठंही लागलं तरी म्हणायचे, "असू द्या वस्ताद, तुम्हाला पायजे ती खेळा." आणि मुद्दाम हरायचे. ज्यांना आबांनी रडवलं होतं तेच सर्वात गोड बोलायचे. एका संध्याकाळी आबांनी पट उधळला, आणि पुन्हा तिकडं गेले नाहीत.

आता दर रविवारी ताई मलकापूरहून येते आणि दोघं घरात खेळतात. आबांचा हात कुठं ना कुठं लागतोच, आणि ती ती सोंगटी खेळायला लावते. हरले की आबा तिला फेटा बांधतात, आणि कलला की ती "परत" म्हणते. एकदा तिला सोडायला स्टँडवर गेलो तेव्हा मी विचारलं, "त्यांना बरं वाटावं म्हणून करतीस व्हय हे?"

"न्हाय," ती म्हणाली. "माझं अजून फिटलं न्हाय."

हे मी आबांना सांगितलं. वाटलं, दुखावतील. "मग यील की फुडच्या रविवारी," ते म्हणाले आणि फेट्याच्या कापडाची घडी घालायला लागले. घडी जमेना. मी हात पुढं केला, तो त्यांनी झटकून टाकला.