लेकीच्या खिडक्यांना नावं ठेवली

माल कितीही आवडला तरी आधी त्यात खोट काढायची आणि मग भाव विचारायचा, ही माझी जुनी सवय. धुळ्याहून सिल्वासात आलो तेव्हा जवळच्या नरोलीत भाड्याच्या खोलीत दाटीवाटीने राहायचो, कारखान्यात हेल्पर होतो. भाजीवालीपासून घरमालकापर्यंत प्रत्येकाशी तोंड वाजवल्याशिवाय महिना निघत नव्हता. पुढे ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांचं वर्कशॉप टाकलं. आज सिल्वासातल्या कितीतरी बिल्डिंगांना माझ्या खिडक्या आहेत. तोंड मात्र तसंच राहिलं.

त्या खिडक्यांवरूनच मुलीचा राग आला होता. ती आर्किटेक्ट झाली आणि स्वतःचं असं पहिलं काम तिला मिळालं ते उमरगावच्या बाजूला, समुद्राजवळच्या एका बंगल्याच्या दुरुस्तीचं. साठेक वर्षांपूर्वी मुंबईच्या कुणा आर्किटेक्टने तो एका पारशी कुटुंबासाठी बांधला होता. मी म्हटलं, खिडक्या माझ्याकडून, नफा नको. ती म्हणाली, "पप्पा, तिथे सागवानी झडपाच पाहिजेत. होत्या तशाच करायच्यात." काम आमच्या जवळच्याच अथाल गावच्या सुताराला गेलं. गावभर खिडक्या पुरवणाऱ्या बापाची एक खिडकी पोरीला चालली नाही, हे मी वर्षभर मनात चघळत होतो.

बंगला भाड्याने राहणाऱ्या पाहुण्यांसाठी उघडला तेव्हा तिने मला आणि बायकोला तिथे राहायला पाठवलं. बुकिंग बायकोच्या माहेरच्या नावाने केलं. "मालकीणबाईंना कळू देऊ नका तुम्ही माझे कोण ते. साधे पाहुणे म्हणून राहा आणि मग मला खरं काय ते सांगा." आवारातच मागे मालकीणबाईंच्या दिराचं तसंच दुसरं घर होतं. ते कामही तिलाच देण्याचं जवळजवळ ठरलं होतं. त्याच्या भरवशावर ती नोकरी सोडून स्वतःचं ऑफिस टाकणार होती. मला हे सगळं माहीत होतं.

घर विचित्र होतं. समोरून दरवाजाच दिसत नाही. सिमेंटच्या जाळीच्या भिंतीकडेने वळायचं, की एकदम सगळं घर उघडं पडतं. मधल्या चौकात एक जुना चाफा, भिंतीतूनच काढलेला बसायचा ओटा, आणि पश्चिमेला या टोकापासून त्या टोकापर्यंत झडपा. एसी नाही. मी बायकोला म्हटलं, "भट्टीत झोपवते पोरगी आपल्याला." तिने झडपांच्या आडव्या पट्ट्या अर्ध्या उघडल्या, आणि वारा असा आत आला की मी बोलता बोलता झोपलो. सकाळी झडपेवर हात फिरवला. एकही पट्टी सैल नव्हती. शेजारच्या बंगल्याला ॲल्युमिनियमच्या खिडक्या होत्या. खाऱ्या हवेने कोटिंग फुगलं होतं, खाली पांढरी पूड धरली होती. समुद्राजवळ आमचा माल टिकत नाही, हे मी गिऱ्हाइकाला कधी सांगितलेलं नाही. पोरीने बरोबर केलं होतं. ते कबूल करायचं जिवावर आलं.

निघताना मालकीणबाईंनी त्यांच्या गुजराती वळणाच्या मराठीत विचारलं, "शेठ, बरोबर झोप झाली ने?"

पैसे द्यायचे होते. तोंड आपोआप सुटलं. "कसली झोप बाई! रात्रभर झडपा खडखड. मी खिडक्यांच्याच लाइनमध्ये आहे, म्हणून सांगतो. लाकूड ओलं वापरलंय. पावसाळ्यात सगळं फुगून बसणार. भाड्याचं काहीतरी बघा."

बायकोने कोपर मारलं. बाईंचा चेहरा पडला. त्यांनी भाडं कमी केलं.

गाडीत बायको म्हणाली, "अहो, काय बोलून राहिले तुम्ही? आपल्या पोरीचं काम ना ते?"

"अगं, सौद्यात असंच बोलतात. बाई विसरूनपण जाईल."

बाई विसरल्या नाहीत. दोन-तीन दिवसांनी मुलीचा फोन आला. मागच्या घराचं काम थांबलं होतं. "खिडक्यांचा कोणी जाणकार पाहुणा आला होता म्हणे, तो सांगून गेला लाकूड ओलं आहे. पप्पा, तुम्ही होता तेव्हा आणखी कोण होतं तिथे? लाइनमधला माणूस आहे, तुमच्या ओळखीचा निघेल."

माझ्यावर संशय घ्यायचं तिच्या मनातही आलं नव्हतं. मी म्हटलं, "बघतो." बायको माझ्याकडे बघत उभी होती.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच गाडी काढून गेलो. मालकीणबाई चौकात बसल्या होत्या. म्हटलं, "बाई, मी खोटं बोललो. लाकूड कोरडं आहे. काम एक नंबर आहे."

"तर मग तेव्हा असं कशाला बोलले?"

"भाव पाडायला."

"आणि आज आले ते?"

"पोरगी माझी आहे."

बाई म्हणाल्या, "पारका होता तेव्हा तुमचं मानलं मी. आता बाप थयो, कसं मानू? कोणता बाप पोरीचं काम वाईट सांगेल?"

या बापाने सांगितलं होतं, पण ते कोणत्या तोंडाने म्हणणार? पट्टी सोडवून दाखवतो म्हटलं, दुसरा सुतार आणतो म्हटलं. "तुमचा माणूस नको," त्या म्हणाल्या. "मुंबईथी कोणीतरी येईल, तो बघेल. ते पर्यंत राहू दे."

फाटकाबाहेर येऊन मुलीला फोन लावला आणि सगळं सांगितलं. झडपांवरचा माझा राग, भाव पाडायला मारलेली थाप, बाईंचं उत्तर, सगळं तिने ऐकून घेतलं. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर मीही ओरडलो असतो, आम्हा दोघांना ते जमतं.

तिने एवढंच विचारलं, "भाडं किती कमी करून घेतलंत?"

घासाघीस करून काही मिळवलं की तो आकडा मी आजवर घरभर मिरवत आलो. हा आकडा जिभेवर येईना. शेवटी सांगितला.

"बरं," ती म्हणाली. "आता मला नोकरीवर फोन करायचाय. राजीनामा परत घ्यायचा आहे."