कोंबड्याची गिटार

चाळिशीला टेकल्यावर मी गिटार शिकायला लागले. शाळेत दिवसभर विज्ञान शिकवायचं आणि घरी येऊन मैत्रिणीच्या गिटारवर तासभर बोटं दुखवून घ्यायची, असं वर्षभर चाललं. मग मैत्रिणीने तिची गिटार परत मागितली. मी मोबाइलवर इलेक्ट्रिक गिटारचे फोटो बघत बसले होते, तेवढ्यात बाबा मागून डोकावले.

"ह्यात काय हाय?" ते म्हणाले. "एक फळी, एक दांडका आन् सहा तारा. मी करतो की!"

बाबा फाउंड्रीत पॅटर्न मेकर होते. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, एखादा भाग ओतायचा असेल, तर आधी त्याचा हुबेहूब लाकडी नमुना करावा लागतो. तो नमुना करणारा माणूस म्हणजे पॅटर्न मेकर. चाळीस वर्षं त्यांनी पंपांची आणि इंजिनांची लाकडी रूपं घडवली. निवृत्तीनंतर मात्र त्यांच्या पटाशीला काम उरलं नव्हतं. आईच्या पोळपाटाला त्यांनी तीनदा नवे पाय बसवले होते. चौथ्यांदा ते पोळपाट उचलायला गेले, तेव्हा आईने तो उशाखाली लपवला.

पुढच्या रविवारी गिटारसाठी माळ्यावर फणसाची फळी शोधताना मला एक खोकं सापडलं. आत आमचा जुना टीव्हीवरचा व्हिडिओ गेम होता. डबा मेला होता, पण जॉयस्टिक शाबूत होती आणि तिच्यावरचं गोळी झाडायचं लाल बटण अजून टचटच वाजत होतं. आम्ही एकच गेम खेळायचो. कॅसेटवरचं लेबल निघून गेल्यामुळे त्याचं खरं नाव आम्हाला कधीच कळलं नाही. त्यात चौकोनाचौकोनांचा एक प्राणी ढगांवरून उड्या मारत तोंडातून गोळ्या सोडायचा. मी आणि आई त्याला कोंबडा म्हणायचो. बाबांच्या मते ते विमान होतं.

मी खोकं घेऊन धडाधड खाली आले. "बाबा, गिटारवर कोंबडा पायजे! आन् हे बटण बी!"

"विमान," बाबा म्हणाले.

गगनबावड्याकडच्या पाहुण्यांनी दिलेली फणसाची फळी माळ्यावर पाच वर्षं वाळली होती. तिच्यातून बाबांनी आठ दिवसांत गिटारचं अंग काढलं. मान सागवानी केली. सुट्टे भाग मी ऑनलाइन मागवले: तारांचा आवाज पकडणारे दोन पिकअप, खुंट्या, ब्रिज आणि पडद्यांची तार. पडदे म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या. त्यांच्यातलं अंतर चुकलं की सगळे सूर चुकतात. म्हणून मी सगळी अंतरं दशांशापर्यंत हिशेब करून कागदावर लिहून दिली. पहिला पडदा छत्तीस पूर्णांक चार मिलीमीटरवर, असे एकूण बावीस. बाबांनी चष्मा पुसला, कानावरची पेन्सिल काढली आणि श्वास रोखून खुणा केल्या. चहा ठेवला तरी बघेनात.

चित्राचं काम आईने न विचारताच आपल्याकडे घेतलं. ती मॅटीच्या कापडावर दोसुतीचं भरतकाम करते. चौकटीच्या कागदावर रंगीत पेन्सिलीने नमुना काढायचा आणि मग टाका टाका भरायचा. "ह्यो कोंबडा म्हंजे भरतकामच की," ती म्हणाली आणि कागद घेऊन बसली. संध्याकाळी तिने तो माझ्यापुढे ठेवला. कोंबडा अचूक होता, तुऱ्याचे तीन चौकोनसुद्धा. पण मागचं आभाळ गुलाबी होतं आणि त्यात सोनेरी घंटा लटकत होत्या.

"आई, आभाळ निळं होतं."

"पहिल्या पातळीत निळं. आठव्यात गुलाबी."

आमच्या घरात चौथ्या पातळीपुढे कोणी गेलेलं नव्हतं. मी चौथीत पोचले होते, तेव्हा सगळ्या आळीला सांगून आले होते.

"तू आठवी पातळी कवा बघितलीस?" बाबांनी विचारलं.

आई पेन्सिलीला टोक करायला लागली. "तुम्ही दोघं गेलासा की दुपारी खेळायचो. धुणं झालं, भांडी झाली, की दार लावून बसायचो."

"किती दिवस?"

"दोन वर्षं," आई म्हणाली. "शेवटाला कोंबडा त्या घंटा वाजवतोय. मग संपतंय. मी सहाएक वेळा संपवला."

बाबा स्टुलावर बसले. "अगं, सांगायचं तरी!"

"पोरगी चौथीत गेली म्हणून नाचत हुती. कुठं सांगतो?"

मला एवढं हसू आलं की मी जमिनीवरच बसले. तीस वर्षं मी या घरातली चॅम्पियन म्हणून मिरवत होते! आता गिटारवर आठवी पातळी येणार हे ठरलंच. ती बघितलेला माणूस आमच्यात एकच होता.

रंगवण्याआधी एकदा तारा चढवून बघायच्या होत्या. बाबांनी पडदे ठोकले. मी माझ्या स्टीलच्या टेपने मोजून ब्रिज बसवला. तारांचं खालचं टोक ज्यावर टेकतं, तो हा भाग. तारा ताणल्या आणि छोट्या ॲम्प्लिफायरला वायर जोडली. मोकळी तार छेडली, तर सूर बरोबर. बाराव्या पडद्यावर बोट ठेवलं, तर तोच सूर एक सप्तक वर यायला हवा होता. पण आला तो चढा. सूर मोजणारा मोबाइलमधला काटा पुढेच पळत होता. सहाच्या सहा तारांचं तेच झालं.

"तुझा मोबाइल बिघडलाय," बाबा म्हणाले. पण त्यांचा चेहरा उतरला होता.

तीन दिवस गिटार तशीच पडून राहिली. माझ्या कागदातले आकडे मी पुन्हा पुन्हा तपासले. बाबा गुपचूप येऊन पडद्यांवरून बोट फिरवायचे आणि निघून जायचे. चौथ्या दिवशी जेवताना ते म्हणाले, "मान नवी करू. हात गेला माझा."

दुपारी आई कोंबड्याच्या चौकटी लाकडावर आखायला बसली. तिची प्लास्टिकची पट्टी आखूड पडली, म्हणून तिने बाबांच्या पेटीतली पितळी पट्टी घेतली. थोड्या वेळाने तिची हाक आली.

"अहो, तुमची पट्टी खोटी हाय!"

"चाळीस वर्षं वापरलीय," बाबा बाहेरूनच गरजले.

"मग बघा की हिकडं. माझ्या पट्टीचे तीस सेंटीमीटर हितं संपतात, तुमचे तीन मिलीमीटर पुढं."

बाबा आत आले. त्यांनी दोन्ही पट्ट्या शेजारी धरल्या आणि कपाळावर हात मारून घेतला. "बिडाची पट्टी!"

मग त्यांनी मला समजावलं. वितळलेलं बीड थंड होताना आकसतं, शंभराला एक. त्यामुळे लाकडी नमुना तेवढा मोठा करावा लागतो. दर वेळी हिशेब नको म्हणून पॅटर्न मेकरची पट्टीच मुळात मोठी असते. हाताला सवय, तीच पट्टी उचलली गेली. आमची गिटार लाकडाची. ती कुठे आकसणार होती!

"सगळं वाया," बाबा म्हणाले.

पण माझ्या डोक्यात काहीतरी लकाकलं. "बाबा, सगळे पडदे त्याच पट्टीनं आखले? एक बी दुसऱ्या पट्टीनं न्हाय?"

"एक बी न्हाय."

"मग सगळी अंतरं एकाच प्रमाणात वाढलीत! मान बरोबरच हाय. चुकलाय तो ब्रिज, आन् तो मी बसवलाय, माझ्या टेपनं!"

बाबांना क्षणभर कळेना. मी कागदावर गणित करून दाखवलं: तारेची लांबी साधारण साडेसहाशे मिलीमीटर, तिचा शंभरावा भाग साडेसहा. ब्रिज साडेसहा मिलीमीटर मागे सरकवला की झालं. त्यांनी कागद दोनदा वाचला. मग माझ्या हातातून स्क्रू ड्रायव्हर असा हिसकावला की मी दचकले. जुन्या भोकांत लाकडाच्या खुंट्या ठोकून त्यांनी ब्रिज मागे घेतला. मी तारा ताणल्या आणि बाराव्या पडद्यावर बोट ठेवलं. काटा मधोमध येऊन थांबला, हललाच नाही.

"नाद खुळा!" बाबा ओरडले. सत्तरीचा माणूस खोलीभर नाचला, हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन. आई म्हणत राहिली, "अहो, डोळ्यात जाईल कुणाच्या तरी."

पुढचे पंधरा दिवस आई रंगवत होती. हवा तसा गुलाबी दुकानात मिळाला नाही, म्हणून तिने एकाच शेडच्या नेलपॉलिशच्या सात बाटल्या आणल्या. घरभर तो वास. ट्रॅक्टरला रंग मारणाऱ्या ओळखीच्या कारागिराने वरून चकचकीत पारदर्शक थर दिला आणि बाबांना विचारलं, "पावणं, ही कोंबडी कुठल्या कंपनीची?" लाल बटण बाबांनी कोंबड्याच्या चोचीसमोर बसवलं. मी आतून वायर अशी जोडली की दाबलं की आवाज बंद, सोडलं की चालू. भरभर दाबलं की लांबलेल्या सुराचे तुकडे होऊन गोळ्या सुटल्यासारखे बाहेर पडायचे.

पहिल्यांदा वाजवली त्या रविवारी मला फक्त तीन कॉर्ड नीट येत होते. मी पहिला कॉर्ड मोठ्याने छेडला, तर फडताळातल्या स्टीलच्या वाट्या थरथरल्या. आईने अंगठा पुढे केला, माझ्याकडे बघितलं आणि बटण दाबलं. ठट-ठट-ठट-ठट! ती दचकून मागे सरली, आणि लगेच पुढे आली. मग तिचा अंगठा थांबेना. ती असा ठेका धरत होती की मला तिच्यामागे धावावं लागत होतं. दोन वर्षांच्या दुपारी तिच्या अंगठ्यात मुरल्या होत्या.

वरच्या मजल्यावरच्या काकू दारात आल्या. मी घाईने आवाज कमी करायला गेले.

"कमी कशाला करतीस?" त्या चप्पल काढत म्हणाल्या. "मला बी दाबू दे की एकदा."

बाबांनी त्यांना स्टूल दिलं आणि आपला नंबर त्यांच्यानंतर आहे, असं बजावून सांगितलं.