बंद सिममधली प्रमिला सिस्टर

दुपारी जेवणं उरकली की मी अर्धा तास आडवी होते. जेवणं कसली, एकटीचं एक ताट. गेले आठ दिवस आडवं झाल्यावर माझा एकच उद्योग चालू आहे. फोन हातात घ्यायचा, 'प्रमिला सिस्टर' हे नाव काढायचं, हिरव्या बटणावर अंगठा न्यायचा आणि दाबायचा नाही. एकतीस वर्षं नर्स म्हणून लोकांना सुया टोचल्या, कधी हात थरथरला नाही, आणि आता एका बटणाला घाबरते. आजही तेच चाललं आहे. पंखा कुरकुरतो, डोळे जड होतात, फोन धरलेला हात छातीवर येतो.

कॉटच्या कडेला कुणीतरी बसतं. गादी त्या बाजूला खचते आणि नुसत्या वजनावरून मला कळतं, हे आहेत. माझे यजमान दिनकर पिसाळ, पाटबंधारे खात्यातून निवृत्त, गेल्या फाल्गुनात वारले. अंगात तोच बाह्यांचा बनियन आहे.

"शैला, चहा टाकतेस का?"

"नाही."

संसारात चहाला मी यांना कधी नाही म्हटलेलं नाही. ते माझ्याकडे वळून बघतात. "का गं? बरं नाही का?"

"तुमच्या पाकिटात माझं जुनं सिम सापडलं."

तुम्हाला म्हणून सांगते, हा माणूस गप्प बसला की समजायचं, पाणी मुरतंय.

चार वर्षांपूर्वी यांनी माझ्या फोनचं सिम बदललं. कंपनी नवी, नंबर नवा. फोनमधली सगळी नावं गेली तेव्हा म्हणाले, सिमबरोबर गेली, जुनं सिम मोडून टाकलं. नातेवाइकांचे नंबर एकमेकांकडून गोळा झाले. प्रमिलाचा कुठून मिळणार? आम्ही दोघी अकरा वर्षं एका आरोग्य केंद्रात होतो, क्वार्टर शेजारी शेजारी, डबा एक. निवृत्तीनंतर भोरला तिच्या भावाच्या रिकाम्या घरात म्हाताऱ्या माणसांसाठी सेवाकेंद्र काढायचं ठरलं होतं. मी आठवड्यातले चार दिवस जाणार होते. नंबर गेल्यावर मी भोरच्या पत्त्यावर कार्ड लिहिलं आणि पोस्टात टाकायला यांच्याच हातात दिलं. उत्तर आलं नाही. मग मीही फुगून बसले. मनात असतं तर तिनं मला शोधलं असतं, असं म्हणत चार वर्षं तिला मनातल्या मनात बोल लावले.

आणि गेल्या आठवड्यात पेन्शनच्या कागदांसाठी आधार कार्ड शोधताना, पाकिटातल्या देवाच्या फोटोमागे ते सिम. मोडलेलं नाही, साधा ओरखडासुद्धा नाही.

खोलीला आता स्पिरिटचा वास येतो. कॉट तीच आहे, पण भिंतीवर लसीकरणाचा तक्ता आहे आणि खिडकीबाहेर केंद्राचं पटांगण. माझ्या अंगावर पांढरी साडी आहे. मी यांच्या दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळते आणि फुगा दाबत जाते. पारा वर चढतो, खाली येतो. मी कान देऊन ऐकते.

"ठोके लागत नाहीत," मी म्हणते.

"लागायचे नाहीत आता."

"सिम का ठेवलंत?"

"टाकवेना. तुझी माणसं होती त्यात."

"मग माझी माणसं मला द्यायची."

ते पट्टा सोडवायला लागतात. मी सोडवू देत नाही. पट्ट्याची नळी मोबाइलच्या दुकानातल्या चार्जरची वायर झाली आहे आणि काउंटरमागून दुकानदार, गेल्या आठवड्यात म्हणाला होता तेच, पुन्हा म्हणतो, "मॅडम, सिम बंद पडलंय, याला रेंज येणार नाही. पण नावं सिमवरच साठवलेली आहेत. ती कुठं जातात?" एकशे त्रेचाळीस नावं निघाली होती. मी फक्त एकच शोधलं.

दुकानातल्या स्टुलांवर आम्ही दोघं समोरासमोर बसलोय आणि काउंटरवर दोन ताटं आहेत. हे दहीभात कालवतात. नेहमीसारखं बोटांनी निवांत कालवणं. मला इतका राग येतो की ताट ओढून घ्यावंसं वाटतं.

"तू गेली असतीस तिच्याबरोबर," ते म्हणतात.

"गेलेच असते. चार दिवस."

"चार दिवस म्हणजे आठ जेवणं. मला एकट्यानं जेववत नाही, शैला."

"म्हणून माझी मैत्रीण तोडलीत?"

"भांडण तर लावलं नाही ना मी."

"मी रोज एकटी जेवते आता. फाल्गुनापासून. कुणाचं काय तोडू, सांगा."

ते लोणच्याची फोड बाजूला सारतात. या माणसाचं आजारपण मी काढलं, रात्री जागवल्या, शेवटचं पाणी मी पाजलं. त्या सगळ्या वेळात पाकीट उशीखालीच होतं.

"जुनं सिम तुमच्या फोनमध्ये घातलं होतंत," मी विचारते. "बंद पडेपर्यंत. हो ना?"

"महिनाभर."

"तिचा फोन आला होता?"

"आला होता एकदा."

"काय सांगितलंत?"

"तुझ्याबद्दल वाईट एक शब्द बोललो नाही. चांगलंच बोललो. कष्टाळू होती, मायाळू होती, सगळं. ती रडली. मलाही रडू आलं."

"यात रडण्यासारखं काय होतं?"

ते उठतात, स्वतःचं ताट उचलतात आणि मोरीत नेऊन घासायला लागतात. सबंध आयुष्यात या माणसानं एक चमचा विसळला नाही. मी मागे जाऊन उभी राहते. "काय सांगितलंत तिला?" ते नळ आणखी सोडतात. "अहो, मी विचारतेय." पाण्याच्या आवाजातून कुणीतरी बोलतंय. हॅलो, हॅलो, कोण बोलतंय?

डोळे उघडतात. पंखा, भिंत, दुपारचं ऊन. आवाज मात्र थांबत नाही. तो माझ्या छातीवरून येतोय. फोनवर 'प्रमिला सिस्टर' असं आहे आणि खाली सेकंद पळताहेत, एक मिनिट बेचाळीस, त्रेचाळीस. झोपेत अंगठ्यानं दाबलं शेवटी.

"हॅलो? बोलत का नाही कुणी?"

आवाज तिचाच, जरा घोगरा झालेला. मी उठून बसते.

"प्रमिला, मी शैला."

"कुठली शैला?"

"पिसाळ. केंद्रातली. तुझ्या शेजारच्या क्वार्टरमधली."

ती हळू आवाजात, रागावून बोलते. "बाई, तुम्ही कोण आहात मला माहीत नाही. पण असली थट्टा करू नये. शैला कोरोनात गेली. तिच्या मिस्टरांनी स्वतः मला फोनवर सांगितलं, ढसाढसा रडत होते बिचारे. तेव्हा दारात जायचीही सोय नव्हती. दर वर्षी अविधवा नवमीला मी तिच्या नावानं सवाष्ण जेवू घालते. परवाच घातली."

त्यानंतर साडेतीन वर्षं हे माझ्यासमोर बसून रोज दोन वेळा जेवत होते. भाजीत मीठ कमी आहे म्हणत होते. मी वाढत होते.

"ठेवते मी," प्रमिला म्हणते.

"ठेवू नकोस," मी म्हणते. "प्रमिला, मी जिवंत आहे."