मुंगीकाकूंची साखर

आमच्या शेजारच्या काकूंनी कुणाच्या तोंडात साखर घातली असेल, तर ती फक्त मुंग्यांच्या. डहाणू रोडला स्टेशनामागं आमची घरं एकमेकांना लागून होती. रोज आंघोळ झाली की काकू परसातल्या चिकूखाली वारुळाशी बसून कणीक-साखर घालायच्या. सुनेला, रेखाला, मात्र फिका चहा. वर विचारायच्या, "गंजाडला माहेरी कुठं साखर बघितली होतीस?" आम्ही त्यांना मुंगीकाकू म्हणायचो. आणि खोटं कशाला बोलू, मला त्या आवडायच्या.

कारण मुंग्यांबद्दल बोलताना त्या वेगळ्याच व्हायच्या. खाली पडलेला चिकू दाखवून सांगायच्या, "ही पहिली बघ. एकटीच आलीय, वेड्यासारखी भटकतेय. आता चव लागली की सरळ घरी जाईल, पोट जमिनीला घासत, वास सोडत. त्या वासावरनं बाकीच्या येतील." आणि खरंच, थोड्या वेळात रांग लागायची.

एकदा ती रांग स्वयंपाकघरात शिरली. रेखानं केरसुणीनं झाडून टाकली. काकूंनी तिच्या पुढ्यातलं ताट उचललं आणि दारातल्या गाईला घातलं. "मुंग्यांच्या वाटेत आडवं यायचं नाही. कळलं?" रेखा उपाशीच भांडी घासायला बसली.

पुढं काकू लघवीला जायच्या त्या मोरीत मुंग्या दिसू लागल्या. "साखर चोरून खातेस आणि इथं हात धुतेस!" म्हणत काकूंनी रेखाच्या पाठीत धपाटा घातला. रेखा मोरीकडं बघत राहिली.

मग काकूंच्या अंगठ्याची जखम चिघळली आणि पाय गुडघ्याखाली कापावा लागला. डॉक्टर म्हणाले, "डायबेटिस जुना आहे. लघवीला मुंग्या लागल्या, तेव्हाच यायला हवं होतं." मी डबा घेऊन तिथंच उभी होते. काकूंनी सुनेकडं पाहिलं.

"तुझ्या बापाचंही असंच झालं होतं ना? मोरी बघून कळलं नाही तुला?"

"कळलं की, आई," कपात फिका चहा ओतत रेखा म्हणाली. "पण मुंग्यांच्या वाटेत आडवं यायचं नाही, असं तुम्हीच सांगितलं होतं."

काकूंनी त्यानंतर फार दिवस काढले नाहीत. मला वाईट वाटलं, अजून वाटतं. रेखा आता चहा गोड पिते, आणि रोज सकाळी चिकूखाली कणीक-साखर घालते. मी एकदा विचारलंच, "तू कशाला घालतेस गं?"

"माझं काम त्यांनी केलं, वहिनी. त्यांना उपाशी कसं ठेवू?"