आक्कांचं पथ्य

मुलांनो, आक्का गेल्याची तार तुम्हाला पोचली, पण तारेत तेवढंच मावतं. कशा गेल्या, ते लिहायला मला महिना लागला. तुम्हाला त्या आठवत असतील सुटीत पनवेलला आलात की वालाचं बिरडं करून घालणारी आत्याआजी म्हणून. तुमच्या आजोबांची ही थोरली बहीण, माझी नणंद. तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आल्या आणि मी लग्न होऊन आले तेव्हापासून घरातलं प्रत्येक आजारपण त्यांनीच काढलं. पलंगाशी आपलं बुटकं स्टूल ओढायचं, त्यावर बसायचं आणि म्हणायचं, "हं, सांग." कधीपासून दुखतं, नेमकं कुठे, काय खाल्लं होतं, कुणाच्या सांगण्यावरून कसला काढा घेतला... सगळं. "डॉक्टरांपासून काढा लपवू नये, आणि ताप उतरला म्हणून औषधाची बाटली अर्धी ओतून देऊ नये," हे मला त्यांनी कितीदा बजावलं असेल.

त्या काळी बायका दवाखान्यात जात त्या सासूच्या मागे. बोलायची सासू, आजारी सून पदर ओढून उभी. म्हणून ओळखीच्या बायका आक्कांना सोबत नेत. एकदा बेलपाड्याची हिरा, आम्हाला तांदूळ घालणारी, सुनेला घेऊन आली. दवाखान्यात मीही बरोबर होते.

"काय नाय डाक्टर, जराशी कणकण हाय," हिरा म्हणाली.

"हिरा, तू जरा गप्प बस," आक्का म्हणाल्या. "पोरीला बोलू दे."

"ती काय बोलंल, आक्का? तिला काय कलतंय?"

"दुखतंय तेवढं तर कळतं ना? दुखणं तिचं आहे, तुझं नाही."

हिरा तोंड वाकडं करून बाहेर बाकावर जाऊन बसली. आक्कांनी पोरीला काही विचारलं नाही, नुसता तिचा हात धरून थांबल्या. बऱ्याच वेळाने, जमिनीकडे बघत, तिने सांगितलं की बाळंत झाल्यापासून अंगावरून जाणं थांबलेलंच नाही... तिला त्याच दिवशी इस्पितळात हलवलं. ती वाचली. पुढे हिरा घरातल्या कुठल्याही पोरीला घेऊन आली की दारातूनच म्हणे, "आमी भायेर बसतो, आक्का. तुमी हाव ना."

आणि याच आक्कांना आम्ही त्यांचं दुखणं सांगितलं नाही. गेल्या पावसाळ्यानंतर त्यांच्या पोटात दुखू लागलं. मुंबईच्या डॉक्टरांनी तपासलं आणि आजोबांना एकट्यांना व्हरांड्यात बोलावलं. कॅन्सर होता, ऑपरेशनच्या पलीकडे गेलेला. घरी आल्यावर आजोबा मला म्हणाले, "आक्काला यातलं एक अक्षर कळता कामा नये. खचेल ती." मग ठरलं, अल्सर आहे म्हणायचं. अल्सर म्हटल्यावर पथ्य आलं. तिखट बंद, तेल बंद, वालाचं तर नाव नको. दुसऱ्यांची पथ्यं जन्मभर सांभाळलेल्या आक्कांनी स्वतःचंही निमूट सांभाळलं. सकाळ-संध्याकाळ मऊ दूधभात. त्या वाळत चालल्या होत्या आणि आम्ही म्हणत होतो, पथ्याने उतार पडेल.

एका दुपारी मी भात घेऊन गेले. त्यांनी वाटी बाजूला ठेवली आणि पलंगावरूनच स्टूल माझ्याकडे सरकवलं.

"बैस, इंदू. हं, सांग."

मी बसले. त्या स्टुलावर बसून मला अल्सर म्हणता येईना. जे होतं ते सांगितलं. आक्कांनी बाजूला ठेवलेली वाटी पुन्हा हातात घेतली. मागच्या दारी कुणीतरी कपडे धूत होतं, त्याचा आवाज येत होता...

"म्हणजे हे पथ्य कशाचं?"

"कशाचंच नाही, आक्का."

"आणि मी इतके दिवस दूधभात गिळतेय." त्या जराशा हसल्या, मग डोळे पुसले. "जा, वाल भिजत घाल."

आपल्या इथल्या डॉक्टरांना मी विचारलं. झेपेल तेवढं खाऊ द्या, म्हणाले. आजोबा माझ्यावर फार चिडले. पण वालांना मोड आले त्या सकाळी आक्कांनी त्यांना हाक मारली. "ये, सोलायला बस. आणि मुंबईचा डॉक्टर काय म्हणाला, ते आता तू सांग." परात मध्ये घेऊन बहीणभाऊ बराच वेळ बसले होते. मी आत गेले नाही. बिरडं त्यांनी जेमतेम दोन घास खाल्लं. मीठ कमी आहे, म्हणाल्या. नंतरचे दिवस वेदनांचेच होते. पण त्या खोलीत जाताना आम्हाला चेहरा बदलावा लागला नाही.

गेल्या आठवड्यात मला चक्कर आली. डॉक्टर आले, ब्लडप्रेशर बघितलं आणि नेहमीच्या सवयीने आजोबांना म्हणाले, "जरा बाहेर येता का?" आजोबा बाहेर गेले नाहीत. कोपऱ्यातलं आक्कांचं स्टूल त्यांनी माझ्या पलंगाशी ओढलं, डॉक्टरांना त्यावर बसवलं आणि म्हणाले, "हिला सांगा."